चाळणीतून काय निसटतं? उत्खनन, माती आणि प्राण्यांची हाडं

पांढरीकर

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी एका ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्हीची हत्यारं वापरणाऱ्या काळातल्या) गावात सापडलेल्या प्राण्यांच्या हाडांची टक्केवारी टाकली होती. गुरं इतके टक्के, शेळ्यामेंढ्या तितके, मासे जवळपास नाहीतच. खाली लगेच तर्क सुरू झाले. नदीकाठी राहून हे लोक मासे का खात नव्हते, काही धार्मिक बंधन असेल का, नदी तेव्हा कोरडी असेल का. मी विचारलं, माती चाळली होती का, आणि कितीच्या जाळीतून? उत्तर आलं नाही. म्हणून हा वेगळा धागा.

ज्यांनी उत्खनन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडावर चौकोनी खड्डा आखतात, एकेक थर खुरपीने आणि छोट्या टिकावाने काढतात, सुटलेली माती घमेल्यात भरतात. भरता भरता खापरं, मणी, हाडं जे दिसेल ते हाताने वेचून पिशवीत टाकतात. घमेलं ढिगावर जातं. आता बैलाच्या मांडीच्या हाडाचा तुकडा कुणाच्याही नजरेतून सुटत नाही. पण शेळीच्या पुढच्या पायाच्या गुडघ्यातली छोटी हाडं जेमतेम एक-दीड सेंटिमीटरची असतात आणि त्यांच्यावर मातीचा लेप असतो. ती ढेकळासारखीच दिसतात आणि ढिगावर जातात.

हा नुसता अंदाज नाही, तपासून पाहिलेली गोष्ट आहे. उत्तर ग्रीसमध्ये सिटाग्रोई नावाचं टेकाड आहे. १९६८ ते १९७० मध्ये तिथे कॉलिन रेनफ्रू आणि मारिया गिंबुटास यांचं उत्खनन चाललं होतं. सेबास्टियन पेन या प्राणी-पुरातत्त्वज्ञाने तिथे साधी गोष्ट केली. खड्ड्यात हाताने वेचून झालेली माती फेकायच्या ऐवजी चाळली आणि मागे काय राहिलं होतं ते मोजलं. १९७२ मध्ये ते निकाल छापून आले. गुरांची हाडं बहुतेक हातानेच मिळाली होती. डुकरांची त्याहून कमी. शेळ्यामेंढ्यांची बरीचशी हाडं मात्र चाळणीतच सापडली. त्यातही सुटे दात, बोटांची हाडं, सांध्यांतली बारकी हाडं तर खड्ड्यात जवळपास कुणालाच दिसली नव्हती.

याचा टक्केवारीवर काय परिणाम होतो ते काल्पनिक आकड्यांनी सांगतो. मातीत गुरांची १०० आणि शेळ्यामेंढ्यांची २०० हाडं आहेत असं धरा. हाताने गुरांची ८० आणि शेळ्यामेंढ्यांची ४० मिळाली. अहवालात गुरं ६७ टक्के! खरा आकडा ३३. गावाचं अख्खं अर्थकारण उलटं झालं आणि यात कुणी खोटं बोललेलं नाही, कुणी कामचुकारपणाही केलेला नाही.

आणि प्रश्न कुठला प्राणी किती एवढ्यावरच थांबत नाही. प्राणी कोणत्या वयात मारले हे दातांवरून आणि हाडांच्या टोकांवरून ठरवतात. कोवळ्या जनावरात हाडाचं टोक दांड्याला जुळलेलं नसतं, ते सुटं पडतं, लहान असतं, ठिसूळही असतं. दुधाचे सुटे दात त्याहून बारके. हे सगळं ढिगावर गेलं की उरतात ती मोठ्या जनावरांची हाडं. मग निष्कर्ष निघतो, 'लोक जनावरं म्हातारी होईपर्यंत राखत, म्हणजे दूध आणि लोकरीसाठी पाळत.' किंवा खुरांची हाडं नाहीत असं दिसतं आणि कुणी लिहितं, 'जनावर गावाबाहेर कापून पाय तिथेच टाकत असावेत.' असेलही. पण पाय ढिगावर आहेत की नाहीत हे आधी बघायला नको का?

वाळूवाला

हाडांतलं काही कळत नाही, चाळणीतलं कळतं. धंदा बांधकामाचा. आमच्या प्रयोगशाळेत ४.७५ मिमी, २.३६, १.१८, ६०० मायक्रॉन अशा चाळण्या एकावर एक लावून वाळू तपासतात. तुमच्याकडे कितीची लावतात? आणि एक सांगतो, साइटवर वाळूची चाळण तिरकी उभी करून फावड्याने माल फेकतात. तिरक्या चाळणीचं भोक मालाला कमी दिसतं. ५ मिमीची जाळी तिरकी केली की ती ५ मिमीसारखी वागत नाही. अहवालात नुसतं '५ मिमी' लिहिलं तर ते अर्धवट आहे.

दुसरं, ओला माल चाळणीवर बसतो. काळ्या मातीत तर विचारूच नका.

पांढरीकर

@वाळूवाला, काका, अगदी कामाचं बोललात. तिरकेपणाचा मुद्दा अहवालात मी क्वचितच वाचलाय.

कितीची लावतात? अमेरिकेत बराच काळ पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी, हे माप चालत आलं. शेळीमेंढीला ते पुरतं. तिची जवळजवळ सगळी पूर्ण हाडं त्यावर राहतात, म्हणजे तिथे चाळणी बारीक हवी असं नाही, चाळणी हवी एवढंच. उंदीर, पक्षी, बेडूक, मासे यांना मात्र ती पुरत नाही. आणि जाळीचं भोक चौकोनी, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण ९ मिमी. त्यात लांब बारीक हाड उभं झालं की सरळ खाली जातं. हाड किती लांब आहे याने काही होत नाही, किती जाड आहे त्यावर ठरतं. ससा, मुंगूस यांची नळीची हाडं अशीच निसटतात. उंदरा-चिचुंद्रीचे दात हवे असतील तर १ मिमीपर्यंत उतरावं लागतं.

काळ्या मातीबद्दल: कोरडी असताना दगड, ओली असताना चिखल. ढेकळं जाळीवर खुरप्याने रगडली की चाळणी किसणीचं काम करते आणि आधीच ठिसूळ झालेलं, विशेषतः जळकं हाड तिथेच भुगा होतं. म्हणजे चाळणीने सापडतं तसं चाळणीने मोडतंही. त्यावर उपाय म्हणजे माती पाण्यात भिजवून, थोडा खायचा सोडा घालून चिकटपणा सुटू द्यायचा आणि मग पाण्याखाली हलक्या हाताने चाळायची. वेळ जातो. पाणी लागतं. आणि धुतलेलं हाड सावलीत, सावकाश वाळवावं लागतं. उन्हात टाकलं की तडकतं.

शिंगाळा

रत्नागिरीकडचा आहे, म्हणून मासे खात नव्हते का यावर बोलणं भाग आहे. 😀

माशाचं काय उरतं? शिंगाळ्याचा काटा लाकडासारखा टणक, पायात घुसला तर आठवडाभर चालता येत नाही. तो हजार वर्षं राहील. घोळीच्या, ढोम्याच्या डोक्यातला पांढरा खडा पण दगडच. पण तारली? मांदेली? तिचा मणका नखावर ठेवला तर दिसेल न दिसेल. आणि गरीब माणसाच्या ताटात रोज पडते ती तारलीच. म्हणजे चाळणी मोठी असेल तर तुम्हाला जेवणावळीचा मासा दिसणार, रोजचा नाही. बरोबर ना?

पांढरीकर

शंभर टक्के! यावर तर एक अख्खा धागा होईल.

इंग्लंडमध्ये यॉर्क शहरात कॉपरगेट इथे १९७६ ते १९८१ या काळात व्हायकिंग काळातल्या घरांचं मोठं उत्खनन झालं. तिथली माती ओली, कुजक्या पाल्यापाचोळ्याची, त्यामुळे हाडं उत्तम टिकलेली. मातीचे नमुने पाण्याखाली बारीक चाळले तेव्हा ईल आणि हेरिंग यांचे मणके ढिगाने निघाले. हेरिंग म्हणजे तुमच्या तारलीचा लांबचा भाऊ. नुसतं हाताने वेचलं असतं तर कॉडसारखे मोठे मासेच यादीत आले असते आणि यॉर्कचे लोक मोठ्या माशांवर जगत होते असं दिसलं असतं.

पुढे जेम्स बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये इंग्लंडमधले १२७ हाडसंच एकत्र तपासून दाखवलं की इ. स. १००० च्या आगेमागे, काही दशकांतच, समुद्रातल्या माशांचं प्रमाण एकदम वाढलं. हेरिंग आणि कॉड किनाऱ्यावरून आत गावांपर्यंत जायला लागले. युरोपच्या समुद्री मासेमारीच्या इतिहासात हा मोठा मुद्दा मानला जातो. हेरिंगपुरता तरी तो बारीक चाळलेल्या मातीशिवाय मांडताच आला नसता.

आपल्या उपखंडातलं उदाहरण हडप्पाचं. समुद्रापासून ८०० किलोमीटरहून दूर, आणि तिथे समुद्री शिंगाळ्याची हाडं मिळाली. विल्यम बेल्चर यांनी तिथल्या माशांचा अभ्यास केला. म्हणजे खारवलेला किंवा सुकवलेला मासा तेव्हाही इतक्या आत जात होता. गंमत बघा, सापडला तो तुमचा शिंगाळाच, टणक काट्यांचा. त्याच्याबरोबर बारकी सुकटही जात होती का? हे विचारायचं तर बारीक जाळीच लागणार.

शिंगाळा

हडप्पात सुकट! आईला सांगतो, ती म्हणेल त्यात नवल काय. सुक्या बाजाराचं गणितच ते, जिथे ताजा पोचत नाही तिथे सुका पोचतो.

घोडकाठी

छान धागा. माझं गाव शिरूर तालुक्यात, इनामगावच्या जवळ. लहानपणापासून ऐकत आलोय की तिथे डेक्कन कॉलेजने खणलं, पाच खोल्यांचं मोठं घर निघालं, पाट निघाला. आणि असंही वाचलंय की शेवटच्या काळात पाऊस कमी झाला, शेती मोडली आणि लोक शेळ्यामेंढ्यांकडे वळले. आता तुमचं वाचून शंका आली. शेळ्यामेंढ्यांची हाडं निसटतातच, तर 'वळले' हे कशावरून? हाही चाळणीचाच खेळ नसेल कशावरून?

पांढरीकर

@घोडकाठी, हा धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे, म्हणून सावकाश उत्तर देतो.

इनामगावची वस्ती साधारण इ. स. पू. १६०० ते ७०० अशी धरतात. आधी माळवा संस्कृती, मग पूर्व (म्हणजे आधीचा) जोर्वे काळ, मग उत्तर (म्हणजे नंतरचा) जोर्वे काळ. उत्तर जोर्वे काळात हवामान कोरडं होत गेलं आणि लोक शेतीकडून भटक्या पशुपालनाकडे झुकले, ही मांडणी मुख्यतः पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांची.

आता चाळणीचं बघू. समजा एकाच उत्खननात, त्याच पद्धतीने, त्याच मजुरांनी वरचे आणि खालचे थर खणले. शेळ्यामेंढ्यांची हाडं निसटली, पण दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात निसटली. मग मूळ टक्के चुकीचे असले तरी खालून वर झालेला बदल खराच राहतो. डाव्या पारड्यात कायम पाव किलो कमी दाखवणारा तराजू असला तरी आज कालपेक्षा जास्त भरलं हे त्यावर कळतं, तसं. म्हणून 'चाळलं नाही, सगळं रद्द' असं मी म्हणणार नाही. जुन्या अहवालांमधून खूप काही शिकता येतं, फक्त आतल्या आत तुलना करायची. दुसऱ्या स्थळाशी टक्के जोडून दाखवायचे नाहीत.

पण ही 'सारख्याच प्रमाणात' ची अट नेहमी पाळली जाते का? इथे गोम आहे. घराची चोपलेली जमीन, राखेने भरलेला खड्डा आणि वरची नांगरट झालेली माती, यांत हाड दिसण्याची शक्यता वेगवेगळी. मऊ राखेत बारकं हाड चटकन दिसतं. खालच्या थरात खड्डे जास्त आणि वरच्या थरात उघडी जमीन जास्त असेल तर तोच बदल प्राण्यांचा बदल म्हणून वाचला जाऊ शकतो. खणणारा माणूस बदलला, सूर्य कलला, शेवटच्या आठवड्यात घाई झाली, सगळ्याने फरक पडतो. म्हणून थरांची तुलना करायची तर राखेची राखेशी आणि जमिनीची जमिनीशी करावी.

शिवाय इनामगावचा युक्तिवाद नुसत्या हाडांवर उभा नाही. मोठी चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या येतात, हेही त्यात आहे. हाडं हा एक साक्षीदार. साक्षीदार एकापेक्षा जास्त असले की एकाच्या अधू नजरेचं तितकं भय राहत नाही.

घोडकाठी

समजलं. आमच्याकडे लोक अजून पांढरीची माती गाडी भरून शेतात टाकतात, खत म्हणून. त्यात किती हाडं गेली असतील देव जाणे.

रोखठोक

म्हणजे गाईबैलांची टक्केवारी फुगवलेली होती, हे तुम्हीच मान्य करताय. प्राचीन लोक गोमांस खात नव्हते हे यातून सिद्ध होत नाही का?

पांढरीकर

नाही. चाळणीने प्रमाण बदलतं, हाड गायब होत नाही. दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन स्थळांवर गुरांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा मिळालेल्या आहेत आणि त्या हाताने वेचलेल्या हाडांवर असोत की चाळलेल्या, त्या खुणाच. उलट आणखी एक गोष्ट लक्षात घ्या, एका बैलाचं मांस म्हणजे कित्येक शेळ्यांचं मांस. चाळल्यावर शेळ्यांची हाडं दुप्पट झाली तरी ताटातल्या मांसात गुरांचा वाटा मोठाच राहू शकतो. ज्यांना यातून आजच्या भांडणासाठी दारूगोळा हवा आहे त्यांना दोन्ही बाजूंनी निराशाच पदरात पडेल.

संपादक मंडळ

धाग्याचा विषय उत्खननाची पद्धत हा आहे. गोमांस या विषयावर आधीच धागे आहेत, तिकडे लिहावे. इथले त्यावरचे पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

गणिती

हात आणि चाळणी यांचं गुणोत्तर एकदा काढलं की जुन्या सगळ्या आकड्यांना त्याने गुणायचं. इतकं सोपं नाही का?

पांढरीकर

तसा प्रयत्न झालाय. अमेरिकेत डेव्हिड हर्स्ट थॉमस यांनी १९६९ मध्ये पाव, अष्टमांश आणि सोळांश इंचाच्या जाळ्या एकाखाली एक लावून, प्राण्याच्या आकारानुसार किती हाडं कुठल्या जाळीतून जातात ते मोजलं आणि दुरुस्तीचे गुणक सुचवले. कल्पना सुंदर. पण एका गुहेतला गुणक दुसऱ्या टेकाडाला चालत नाही, कारण हाडं किती फुटलेली आहेत, माती कशी आहे, यावर तो हलतो. आणि मुख्य अडचण तुम्हाला मी सांगायला नको, शून्याला कशानेही गुणा. जुन्या खणण्यात माशाचा एकही मणका वेचला गेला नसेल तर गुणक काय करणार?

खुरपी

पुरातत्त्व शिकते आहे, दोन उत्खननांवर कामाला होते, म्हणून मजुरांच्या बाजूने लिहिते. वरच्या चर्चेत असा सूर येतोय की हाताने वेचणं म्हणजे आंधळं काम. तसं नाही हो. आमच्याकडे एक मावशी होत्या, शेतमजुरी करणाऱ्या. घमेल्यात माती ओतण्याआधी एकदा बोटं फिरवायच्या आणि मण्याच्या आकाराची वस्तू बरोबर उचलायच्या. आमच्यापैकी एकालाही ते जमत नव्हतं. पण मावशींच्या खड्ड्यातून जास्त बारकी हाडं आली आणि शेजारच्या खड्ड्यातून कमी, मग तो फरक त्या दोन घरांतला मानायचा की दोन वेचणाऱ्यांतला? चाळणी ठेवायची ती यासाठी. मावशींवर अविश्वास म्हणून नाही.

आणि सगळी माती चाळा म्हणणाऱ्यांनी एकदा मार्च महिन्याच्या दुपारी दहा घमेली चाळून दाखवावीत. निधी ठरलेला, दिवस ठरलेले, नदीला पाणी नाही. आम्ही चुली, खड्डे आणि घरातली जमीन इथली माती नमुन्यापुरती घ्यायचो.

पांढरीकर

@खुरपी, ताई, पूर्ण सहमत. सगळं चाळणं हा हट्ट मलाही पटत नाही. इंग्लंडमध्ये एका थरातून साधारण ४० ते ६० लिटर मातीचा नमुना घेण्याची पद्धत आहे. बियांसाठी तरंगवण्याचं यंत्र वापरत असाल तर त्याच मातीतून दोन कामं होतात. स्टुअर्ट स्ट्रूव्हर यांनी १९६८ मध्ये तरंगवण्याची पद्धत मांडली तेव्हापासून ती जगभर पसरली. जळके दाणे वर तरंगतात, हाडं खालच्या १ मिमीच्या जाळीत बसतात. पण बियांवाले वरचा माल घेऊन जातात आणि खालचा गाळ पोत्यात भरून कोठारात पडून राहतो. माशांचे मणके त्यात.

एक गोष्ट मात्र फुकट आहे आणि तीच होत नाही. हाताने वेचलेली हाडं आणि चाळणीतली हाडं वेगळ्या पिशवीत ठेवणं. चिठ्ठीवर जाळीचं माप आणि किती लिटर माती चाळली ते लिहिणं. एकदा का दोन्ही एका पिशवीत गेली की नंतर ती कुणालाही वेगळी करता येत नाहीत.

चिचुंद्री

उलट बाजूही लिहा की. बारीक चाळलं की उंदीर-घुशी सापडणारच, पण त्या त्या काळातल्या कशावरून? घूस जमिनीत बीळ करते, तिथेच मरते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या थरात गेल्या वर्षीची घूस.

पांढरीकर

अगदी बरोबर, आणि बिळात बऱ्याचदा सांगाडा जवळपास अख्खा, जागच्या जागी मिळतो. सुटे, विखुरलेले, बाकी हाडांसारखाच रंग चढलेले दात असतील तर त्यांच्यावर जरा जास्त विश्वास ठेवता येतो. दुसरी शक्यता घुबडाची. गव्हाणी घुबड शिकार अख्खी गिळतं आणि हाडांचा, केसांचा गोळा ओकून टाकतं. पडक्या घराच्या कोपऱ्यात शेकडो उंदरांची हाडं मिळाली तर त्यावरून धान्याच्या कोठारात उंदीर माजले होते असं म्हणायच्या आधी वर घुबड बसत होतं का ते पाहावं. घुबडाच्या पोटातल्या आम्लाने काही दातांचं टोक किंचित झिजलेलं असतं, भिंगाखाली ते दिसतं. त्या घुबडानेही आपल्या ऐपतीच्या आकाराचे उंदीर तेवढेच निवडलेले असतात, म्हणजे तीही एक चाळणीच.

वाळूवाला

वाचून मजा आली. @खुरपी, तुमच्या विभागाला चाळण्या बनवून हव्या असतील तर आमचा फॅब्रिकेटर देईल, जाळीचा खर्च माझ्याकडे. मापं सांगा.

खुरपी

काका, मनापासून आभार! सरांना विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. वर ५ मिमी, खाली २ मिमी, दोन माणसांना धरून हलवता येईल अशी चौकट, आणि पाण्यात रोज भिजेल म्हणून जाळी स्टेनलेस स्टीलची. मागच्या हंगामात साध्या तारेची होती. ती गंजून एका कोपऱ्यात भोक पडलं होतं आणि २ मिमीच्या पिशवीवर आम्ही २ मिमीच लिहीत होतो की काय, हे आता जुन्या चिठ्ठ्या काढून बघायला लागेल.